हरल्याशिवाय झाकण उघडत नाही

आमच्या घरात ‘बुरा’ हा शब्द मोठ्याने उच्चारायची पद्धत नव्हती. कुणाच्या लोणच्याला बुरा आला असं कळलं, की आत्या आवाज खाली आणून दुखवट्याची बातमी सांगावी तशी ती सांगायची. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. माझी आई मी अगदी लहान असताना गेली आणि तेव्हापासून आमचं घर आत्याच्या हातात होतं. अण्णांना पिंपरीला नव्या औषधाच्या कारखान्यात बॉयलरवर काम मिळालं आणि आम्ही तिघं कऱ्हाडहून निघालो. रेल्वेत आत्याने कपड्यांची ट्रंक अण्णांच्या भरवशावर सोडली, पण लोणच्याची बरणी मांडीवरून खाली ठेवली नाही. पिंपरी गावात गंगूकाकींच्या घरामागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या, तेव्हा आत्याने आधी बरणी ठेवायची कोरडी जागा पाहिली आणि मग चुलीची. बरणीच्या तोंडाला दादरा बांधायचा तोही उन्हात तापवलेल्या फडक्याचा. ओला चमचा बरणीत घालणं हा आमच्याकडे गुन्हा होता आणि माझ्या हातून तो एकदा घडला होता. त्याची आठवण आत्या मला माझ्या लग्नापर्यंत देत राहिली.

आता गंमत बघा. अशा घरातला कर्ता माणूस कामाला लागला तो मुद्दाम बुरशी वाढवणाऱ्या कारखान्यात. पहिल्या आठवड्यात अण्णांनी जेवताना हे सांगितलं तेव्हा आत्याचा हात पिठातच थांबला.

“म्हणजे बुरा?” ती हळूच म्हणाली. “मुद्दाम?”

“मुद्दाम. टाक्याच्या टाक्या भरून. त्या बुरशीतूनच पेनिसिलिन निघतं. साखर घालतात, मक्याची पेज घालतात, आत हवा सोडतात, गार-गरम बघतात. बाळंतिणीला जपणार नाहीत इतकं जपतात तिला.”

“आम्ही चहात गूळ घालतोय आणि तिला साखर!” आत्याने भाकरी तव्यावर अशी टाकली की तवा हलला.

अण्णा हसले नाहीत. आईच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. पाय सुजला, ताप चढला आणि ती गेली. काट्याने माणूस मरतं हे मला मोठेपणी खरं वाटेना, पण तेव्हा मरत होतं. डॉक्टर म्हणाले होते की एक नवं औषध निघालंय, पण ते आपल्याकडे मिळत नाही. त्याच औषधाच्या कारखान्यात अण्णा आता बॉयलर पेटता ठेवत होते. ते फारसं बोलायचे नाहीत, पण सकाळी भोंगा होण्याच्या कितीतरी आधी ते कपडे करून बसलेले असत. तर माझ्या एका बाजूला बुरशीची लाज बाळगणारी आत्या आणि दुसऱ्या बाजूला बुरशीला हात जोडणारे अण्णा, आणि मधे मी, आमटीत भाकरी कुस्करत. मुलाखत घेणारी तरुण मंडळी आजही विचारतात की तुमच्या प्रतिभेचा उगम कुठे आहे. मी सांगते, पाटावर. त्यांना वाटतं म्हातारी चेष्टा करतेय, आणि ती मग परदेशातल्या कुणाकुणाचा प्रभाव माझ्यावर पडला ते मलाच समजावून देतात.

मी तेव्हा नववीत होते. चिंचवडच्या शाळेत गोगटे सर मराठी शिकवायचे. गोरे, धारदार नाकाचे, काळी टोपी घालणारे, आणि शाळेच्या हस्तलिखित वार्षिकाचे संपादक. वार्षिकात लिखाण येणं म्हणजे आमच्यासाठी स्वर्ग दोन बोटं उरणं. मी एक गोष्ट लिहिली होती. फार पुढच्या काळातली. पिंपरीपासून पार चाकणपर्यंत कारखानेच कारखाने झालेत, माणसं भोंग्यावर उठतात, भोंग्यावर जेवतात, आणि औषधाच्या कारखान्यातल्या सगळ्यात मोठ्या टाकीतली बुरशी एके दिवशी झाकणावर आतून टकटक करते. गोगटे सरांनी पहिलं पान वाचलं आणि वही मिटली.

“विमल, तू कधी भविष्यकाळात जाऊन आली आहेस का?”

“नाही सर.”

“बुरशीला टकटक करताना ऐकलं आहेस?”

“नाही सर.”

“मग कशाच्या जोरावर लिहितेस? साहित्य अनुभवातून येतं. घरातलं लिही, अंगणातलं लिही. हे साहित्य नव्हे.”

वर्ग हसला. सरांच्या स्वतःच्या कविता काश्मीरच्या सरोवरांवर असत आणि सर त्या वेळेपर्यंत लोणावळ्याच्या पुढे गेलेले नव्हते, हे माझ्या ध्यानात आलं होतं, पण बोलायची छाती नव्हती. पुढे मी जवळजवळ पन्नास वर्षं विज्ञानकथा लिहिल्या आणि हाच प्रश्न वेगवेगळ्या टोप्या घालून मला भेटत राहिला. संमेलनात आमच्यासारख्यांना अजूनही ओट्यावर बसवतात. चहा मिळतो, पण आत या असं कुणी म्हणत नाही. वय झाल्यावर कळलं की ओट्यावर वारा चांगला असतो. तेव्हा मात्र मला रडू आलं आणि नदीकाठच्या वाटेने घरी येताना मी ते मनसोक्त रडून घेतलं.

नवरात्र आलं तसा आमच्या आळीत भोंडला सुरू झाला. रोज एका घरी. दिवे लागले की पाटावर रांगोळीचा हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत. या खिरापतीचीच खरी मजा. यजमानीण झाकलेला डबा आणते, कानाशी हलवून दाखवते, गोड की तिखट एवढंच सांगते, आणि बाकीच्यांनी आत काय आहे ते ओळखायचं. ओळखता आलं नाही तर सगळ्यांनी ‘हरलो’ म्हणायचं. हरलो म्हटल्याशिवाय झाकण उघडत नाही. आमच्या आळीत हा कायदा फार कडक होता, त्यातून कुणाची आजी सुटत नसे. ज्या घरची खिरापत कुणाला ओळखता येत नाही त्या घरची बाई वर्षभर मान वर करून चालायची. आदल्या वर्षी आमची खिरापत पोरींनी आम्ही डबा आणायच्या आधीच ओळखली होती. दोन खोल्यांच्या घरातला वास जाणार कुठे? आत्याने ते मनाला फार लावून घेतलं होतं.

पहिल्याच दिवशी गंगूकाकींच्या घरी गाणी संपली तरी खिरापत तयार नव्हती. लाकडं ओली, चूल धुमसत होती आणि पोरी चुळबुळ करत होत्या. गंगूकाकी आतून ओरडल्या, “विमे, तू लई बुकं वाचतीस न्हवं? सांग की कायतरी तवर.” दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी माझी गोष्टच सांगायला लागले. बुरशी टकटक करते. साखर नको म्हणते. पेज नको म्हणते. रात्रीतून झाकण ढकलून बाहेर पडते आणि घराघरांतल्या स्वयंपाकघरांत शिरून काहीतरी शोधायला लागते. शिंकाळी चाचपते, डबे हुंगते, बरण्यांचे दादरे सोडून बघते. एवढ्यात खिरापतीचा डबा आला आणि मी थांबले.

“काय हुडकती ती?” एकीने विचारलं.

“उद्या,” मी म्हटलं.

त्या एका शब्दाने माझं आयुष्य ठरलं असं म्हणायला हरकत नाही. डब्याला झाकण असतं तसं गोष्टीलाही असतं, हे मला त्या धुरकट ओसरीवर कळलं. गोगटे सरांच्या व्याकरणात हे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोरींच्या आया आल्या. तिसऱ्या दिवशी वरच्या आळीच्या बायका आल्या, आणि त्यांच्यात चक्क गोगटे सरांच्या पत्नी, गोगटेवहिनी. त्या आमच्याच गावात राहायच्या. त्या फेरात नाचल्या नाहीत, भिंतीला टेकून बसल्या आणि गोष्ट थांबली तेव्हा सगळ्यांत मोठा निःश्वास त्यांचाच होता. गाणी आता घाईघाईने उरकली जायला लागली, हत्तीला दोन पाय कमी निघायला लागले. मी रोज बुरशीला एका नव्या घरात शिरवत होते आणि ज्या घरी भोंडला असेल त्याच घरातलं वर्णन करत होते, त्यामुळे ऐकणाऱ्या बाया हळूच मागे वळून आपापल्या फडताळाकडे बघायच्या.

मग एक दिवस मी शाळेतून येताना पाहिलं तर आळीतल्या एकूणएक बरणीला दुहेरी दादरा. काहींनी वर दगड ठेवला होता. कुणी कारखान्याच्या बाजूची खिडकी शेणाने लिंपून टाकली होती. कारखान्याकडून वारा आला आणि तो आंबूस वास सुटला की बाया पदर नाकाला लावून म्हणत, “आली बया फिरायला.” मी लाजायला हवं होतं. मी हवेत तरंगत होते! माझ्या तोंडच्या शब्दांनी अख्ख्या आळीने सुतळी विकत आणली होती.

पण त्याच संध्याकाळी गंगूकाकी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा धाकटा, नामदेव, याला अण्णांनी खटपट करून कारखान्यात चिकटवलं होतं. दसरा झाला की तो कामावर जायचा होता.

“अण्णा, राग मानू नगा,” त्या म्हणाल्या. “पर नामदेवाला न्हाई धाडायची मी. जिथनं बुरा भाईर पडतो तिथं माजं पोरगं न्हाई जायचं.”

अण्णांना आधी काही कळेना. मग सगळं कळलं. त्यांनी मला समोर बसवलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

“तुझ्या आईला ते औषध मिळालं नाही,” ते म्हणाले. “आणि तू त्याची हडळ केलीस. माझ्या शब्दावर त्या पोराला घेतलाय. उद्या शेवटचा भोंडला आपल्याकडे आहे. सगळ्यांसमोर सांग, गोष्ट खोटी आहे म्हणून.”

मी मान खाली घातली. आईचं नाव अण्णांच्या तोंडून मी किती दिवसांनी ऐकत होते! खोटी आहे म्हणून सांगितलं असतं तर नामदेवचं भलं झालं असतं, अण्णांचा शब्द राहिला असता आणि मी पुन्हा कधी गोष्ट सांगितली नसती. हे मला तेव्हाही स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात आत्या आतून म्हणाली, “खोटी कशाला म्हणायची? अर्धी आहे ती. अर्धं मुरलेलं लोणचं कुणी वाढतं का ताटात? पुरी करू दे की तिला.” मग माझ्याकडे वळून, “आणि काय गं, पुढे काय होतं ते माहीत तरी आहे का तुला?”

नव्हतं. वहीत मी बुरशीला अण्णांच्या बॉयलरमधे जाळून टाकलं होतं, पण आता ते सांगायची सोय नव्हती. ती नक्की काय शोधतेय तेच मला ठाऊक नव्हतं. प्रतिभा, स्फुरण वगैरे मोठे शब्द मी पुढे पुष्कळ ऐकले. माझा अनुभव असा की स्फुरण येतं ते दार ठोठावून कुणीतरी मुदत घातल्यावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या भाकरीची दुरडी झाडत होती आणि मी पाटावर हत्तीची रांगोळी काढत होते. एकदम तिने दुरडी पदराआड केली. मी उठून गेले. दुरडीच्या तळाशी, फडक्याखाली, बाजरीच्या भाकरीचा एक विसरलेला चतकोर होता आणि त्यावर मखमलीसारखी हिरवी-पांढरी साय चढली होती. आमच्या घरात! आत्याच्या स्वयंपाकघरात! आत्याचा चेहरा पडला.

“कुणाला सांगू नकोस,” ती कुजबुजली.

मी त्या तुकड्याकडे बघतच राहिले. अण्णांनी एकदा सांगितलं होतं की टाकीतली बुरशी परदेशातून छोट्याशा काचेच्या नळीतून आली. मला एकदम कळलं ती काय शोधत होती. हातातली रांगोळी सांडली.

“आत्या, मी हे गोष्टीत सांगू?”

आमच्या घरात बुरा निघाला हे तिने गावासमोर कबूल करायचं म्हणजे काय, हे ज्यांनी आत्याला पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. शेवटी तिने दुरडी खाली ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, “सांग. आणि जा, गंगूबाईंकडून वाटीभर तूप आण. खिरापत बदलायची आहे.”

संध्याकाळी आमच्या दोन खोल्यांत माणूस मावत नव्हतं. अण्णा दाराशी उभे होते. बाहेर ओट्यावर गोगटे सर. ते पत्नीला न्यायला आले होते म्हणे. रोजच्यापेक्षा बरेच लवकर आले होते आणि जोडे मात्र काढून ठेवले होते. गाणी झाली. मी शेवटचा भाग सांगायला लागले. बुरशी आता सगळ्यात शेवटच्या घरात शिरते, आमच्या. आमच्या चुलीजवळ येते, हात लांबवते आणि तिला जे हवं होतं ते सापडतं. इथे मी थांबले. आत्याने खिरापतीचा डबा आणून माझ्याशेजारी ठेवला. पिंपरी कॅम्पातल्या सिंध्याच्या दुकानातून आणलेला, निळ्या काठाचा.

“ओळखा,” आत्या म्हणाली. “तिला काय सापडलं ते आणि डब्यात काय आहे ते. दोन्ही ओळखा. खिरापत गोड आहे, एवढंच सांगते.”

एकच गिल्ला झाला. बुरशीला गूळ सापडला, लोणचं सापडलं, तूप सापडलं. कुणी म्हणालं, तान्हं पोर. डब्यात करंज्या, साटोऱ्या, बेसनाचे लाडू. आत्या प्रत्येक वेळी मान हलवत होती आणि तिची मान हळूहळू वर चढत होती. इतक्यात ओट्यावरून घसा खाकरल्याचा आवाज आला.

“काही सापडत नाही,” गोगटे सर म्हणाले. “शेवटी मुलगी जागी होते. ते सगळं स्वप्न असतं.”

“नाही सर,” मी म्हटलं. शाळेत त्यांना आजवर म्हणत आलेले तेच दोन शब्द. या वेळी म्हणताना अंगावर रोमांच उठले.

“आमी हरलो बाई,” गंगूकाकी म्हणाल्या. मागोमाग सगळ्या बाया हरलो, हरलो म्हणाल्या. आत्याने झाकणावर हात ठेवला, पण उघडलं नाही. तिने ओट्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच ओट्याकडे पाहिलं.

“मास्तर,” गंगूकाकी म्हणाल्या, “तुमी बी वळकाय गेला हुता न्हवं? मग म्हना की.”

सरांनी टोपी सारखी केली. आधाराला म्हणून त्यांनी पत्नीकडे पाहिलं, तर गोगटेवहिनी कडाडल्या, “अहो, म्हणा ना! मला शेवट ऐकायचाय!”

“हरलो,” गोगटे सर म्हणाले.

त्यानंतर मला हारतुरे मिळाले, शाली मिळाल्या, एका व्यासपीठावर तर चुकून दोनदा मिळाल्या. पण तो शब्द कानात घेऊन मी त्या संध्याकाळी जशी ताठ बसले होते तशी पुन्हा कधी बसले नाही.

मग मी शेवट सांगितला. बुरशी आमच्या घरात शिरते, दुरडीतलं फडकं बाजूला करते, आणि खाली शिळ्या भाकरीच्या चतकोरावर तिला दिसते तिच्यासारखीच हिरवी साय. तिची बहीण. काचेच्या नळीतून परमुलखात आलेली, साखर खाऊन कंटाळलेली ती बाई इतके दिवस आपलं माणूस शोधत घरोघर फिरत होती. आणि तिचं माणूस इथे आधीपासून होतं, प्रत्येक घरात, दुरडीच्या तळाशी. बायका लाजून फेकून देत होत्या ते. मग दोघी बहिणी रात्रभर बोलतात आणि सकाळी भोंगा झाला की पाहुणी आपणहून टाकीत जाऊन बसते, कामाला लागते. आता तिचं मन लागतं. काटा मोडलेल्या बायका तिच्यामुळे वाचतात.

मग गंगूकाकींनी डोळ्याला पदर लावला. “म्हंजी आपलीच की गं ती,” त्या म्हणाल्या. “आन मी मेली तिला दगुड लावून ठेवलं.” आणि तिथूनच हाक दिली, “नामदेवा! दसऱ्यानंतर कामावर जायचं रं.”

“पण ही दुरडी होती कुणाची?” एका चोंबड्या बाईने विचारलं.

“माझी,” आत्या खणखणीत आवाजात म्हणाली. “होय, माझ्या घरात बुरा आला होता.” आणि तिने झाकण उघडलं. आत भाकरीचे लाडू होते. ताजी भाकरी कुस्करून, गूळ-तूप घालून वळलेले. रोज घरात जे असतं ते खिरापतीत कोण ओळखणार! बाया कपाळावर हात मारून हसत होत्या आणि खात होत्या. गोगटे सरांना लाडू ओट्यावर नेऊन द्यायला मीच गेले. त्यांनी तो सावकाश खाल्ला.

“वार्षिकात सात-आठ पानं ठेवतो,” ते म्हणाले. “घरातलं लिही असं मीच सांगितलं होतं तुला.”

संपादक मंडळी श्रेय कसं घेतात हेही मला त्याच दिवशी कळलं. मी म्हटलं, “शेवट बदलणार नाही सर.”

“बदलू नकोस,” ते म्हणाले, आणि मला ते आवडले.

आज मी रावेतला अकराव्या मजल्यावर राहते. चाकणला, गंगूकाकींच्या माहेरी, जिथे कांद्याच्या वखारी होत्या तिथे यंत्रमानव गाड्या जोडतात. मी जन्मभर यंत्रमानवांवर लिहिलं आणि ते उतरायला चाकणच निवडतील असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. त्या गोष्टीत मी कारखाने चाकणपर्यंत नेले होते ते केवळ मला त्याच्या पलीकडचं गाव माहीत नव्हतं म्हणून. लोक याला द्रष्टेपण म्हणतात. मी नाही म्हणत नाही.

दसऱ्यानंतर नामदेव पहिल्यांदा कामावर निघाला तेव्हा गंगूकाकींनी त्याच्या हातात जेवणाचं फडकं दिलं आणि मग अण्णांकडे वळून पदराखालून एक चतकोर शिळी भाकरी काढली. “ही तिला,” त्या म्हणाल्या. “तेवढीच आठवण माहेरची.” त्यांना सगळं कळत होतं, बरं का. चेहरा मात्र अगदी गंभीर होता. मी अण्णांकडे बघत राहिले, कारण अण्णा जन्मात कधी खोटं बोलले नव्हते आणि खोटं खपवूनही घेत नव्हते. त्यांनी ती भाकरी दोन्ही हातांनी घेतली, रुमालात बांधली, नि दोघं गेले.

संध्याकाळी अण्णा परतले. हातपाय धुतले, पाटावर बसले, जेवायला लागले. मी विचारायचं धाडस करत नव्हते. आत्यानेच विचारलं, “मग? ती भाकरी?”

“दिली,” अण्णा म्हणाले. त्यांनी घास चावून गिळला, पाणी प्यायले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “विचारत होती, विमलची आत्या करते तसे लाडू कधी मिळतील.”